जल्लादाचा वैरी

सगुण,

आपली गोष्ट आतून पाहिलेलं आता एकच डोकं उरलं आहे, आणि त्या डोक्याचा मला फारसा भरवसा वाटत नाही. म्हणून ही घाई. तुझं बारावं नुकतंच झालंय. लोक म्हणतील, जरा दम धर, दुःख खाली बसू दे, मग लिही. पण दम धरण्यासारखी माझी परिस्थिती नाही. आपले शो लावणारे शेठ कधीच गेले. पंचाचा पांढरा शर्ट घालून रिंगणात धावणारा बेळगावचा मास्तरही गेला. माझ्या बायकोला, मंदाला, सगळं ठाऊक आहे, पण ते माझ्याकडून ऐकलेलं. तुझ्या घरी तर कोणाला काहीच ठाऊक नाही. तू तसं ठेवलंस, आणि त्यावरून आपण जन्मभर भांडलो. ते भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलास.

नावं मी बदलली आहेत. तरी तुझ्या घरच्यांनी वाचलं तर ओळखतीलच. शालनवहिनी वाचत नाहीत आणि तुझा मुलगा नितेश मोबाईलवर येईल तेवढंच वाचतो, एवढ्या आधारावर लिहायला बसलोय.

तू केरीचा जल्लाद, मी नार्व्याचा तुफान. साखळी, डिचोली, पेडणे, म्हापसा, पुढे सावंतवाडी, बेळगावपर्यंत भिंतींवर आपली चित्रं लागायची. तू दात विचकलेला, मी छाती काढलेला. फ्रीस्टाईल कुस्तीचा शो म्हटला की खाणीवरचे मजूर, ट्रकवाले, शेतातली माणसं मैदान भरून टाकायची. तू मला मारायचास, मी मरता मरता उठायचो आणि तुला उचलून आपटायचो. बाहेर आपण कट्टर वैरी. एकाच्या गावच्या जत्रेला दुसरा जात नसे, एका बसमध्ये दिसलो तर एकजण उतरून जाई. आणि या सगळ्याच्या आत तुझ्याइतका जवळचा माणूस मला दुसरा नव्हता. सख्ख्या भावाच्या हातातही मी माझी मान दिली नसती. तुझ्या हातात मात्र बिनघोर द्यायचो.

आपल्या तालमी आठवतात तुला? आमच्या नदीकाठच्या शेतात, भात झोडून झाल्यावर, पेंढ्याच्या जाड थरावर. गाव जेवून आडवं झालं की तू बांधाबांधाने यायचास, डोक्यावर टॉवेल घेऊन, जणू कोणाची म्हैस हरवलीय. कुठला पेच कुठे, कोण कधी पडणार, कुठे लोकांना श्वास घ्यायला द्यायचा, सगळं तू ठरवायचास. मी तुफान असलो तरी वारा तूच होतास. उचलून आपटताना माझी मान तुझ्या दंडावर पहिली टेकेल याची तू दर वेळी काळजी घेतलीस. आपल्या धंद्यातली कितीतरी माणसं मान धरून बसली, दोघं तर अंथरुणालाच खिळली. माझी मान आजही सरळ आहे. ती तुझी देणगी आहे, हे तू असताना एकदाही बोललो नाही. आता बोलतोय, उपयोग काय.

एक खूण होती. मिठीत धरलं की अंगठ्याने मनगट दाबायचं. समोरच्याने परत दाबलं तर सगळं ठीक, पुढे चला. नाही दाबलं तर थांबायचं, माणसाला खरंच लागलंय. हजारो माणसं किंचाळत असताना आपण असे दोन अंगठ्यांनी बोलत असायचो.

आणि गाऱ्हाणं. ते मी कुठल्याच दुसऱ्या पैलवानाकडे पाहिलं नाही. तुम्ही पेडण्याची माणसं, गाऱ्हाण्याशिवाय घराचं कौलही बदलत नाही. प्रत्येक शोआधी तंबूच्या मागे तू एक विडी पेटवून मातीत खोचायचास, बुचभर फेणी ओतायचास आणि गावच्या राखणदाराला, देवचाराला, हात जोडायचास. "बा राखणदारा म्हाराजा, आता आमी जी मारामारी करतलों ती खरी न्हय. पोटासाठी आनी ह्या माणसांच्या आनंदासाठी करतों. ती तू खरी मानू नको, आनी आमचो राग आमच्या आंगार घालू नको म्हाराजा." आणि मी मागे उभा राहून म्हणायचो, "व्हय म्हाराजा." पहिल्यांदा मला हसू आलं होतं. तू असं पाहिलंस की परत कधी हसलो नाही. सगळ्या जगाशी तू खोटं वागलास, खरं सांगितलंस ते एका देवचाराला.

मी कितीदा म्हटलं, वहिनींना तरी सांग. तू कपाळावर पट्टी बांधायचास, त्या पट्टीत ब्लेडचा तुकडा असायचा आणि ठरलेल्या वेळी तू स्वतःच कपाळावर ओढून घ्यायचास. रक्त डोळ्यांत उतरलं की मैदान उभं राहायचं. घरी गेल्यावर वहिनी त्या जखमेत हळद भरायच्या आणि मला शिव्या घालायच्या. "हात झडान पडांदेत त्या नार्व्याच्या मेल्याचे." तू त्यांची नक्कल करून मला सांगायचास आणि पोट धरून हसायचास. मला नाही हसू यायचं. एक बाई आपल्याला रोज मनापासून शाप देते आहे आणि आपण तिचं काही वाकडं केलेलं नाही, हे ऐकून बरं वाटत नाही रे.

तुझं उत्तर ठरलेलं. "ती पयल्या रांगेत बसता. ती जर खोटी रडली, तर फाटल्या रांगेतल्या माणसाक लगेच कळतलां."

"अरे, पण ती तुझी बायको," मी म्हणायचो.

"मगे? तिकीट काढून इल्लो माणूस माझो कोण नाय?" मग समजावल्यासारखा आवाज काढायचास. "किश्ना, माणसां काय येडी न्हय. त्येंका अर्धां ठावक आसता. उरलेलां अर्धां त्येंनी आमच्यार सोडलेलां आसता. तां आमी मोडूचां नाय."

लोकांची पत्रास तुझ्याइतकी ठेवणारा माणूस मी पाहिला नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तू बांगडे घ्यायचास तेसुद्धा डोळे वटारून. कोळणीला म्हणे हसून दर विचारला तर तिचा विरस होतो. साखळीच्या शोमधला तो ट्रक ड्रायव्हर आठव. तू मला दोरांवर टाकून गळा दाबत होतास आणि तो रडत रडत रिंगणापर्यंत आला आणि सोड्याची बाटली तुझ्या डोक्यात घातली. तुला ती येताना दिसली होती. मलाही दिसली होती. तू मान हलवली नाहीस. आयोजकांची माणसं त्याला धरून मारायला निघाली तर तू रक्ताळल्या तोंडाने ओरडलास, त्याला हात लावाल तर बघा. नंतर तंबूत टाके घालताना म्हणालास, "आज सबंद मैदानात त्येकाच माझां सगळां खरां वाटलां. त्येका मारतलंस?" मी तुला वेडा म्हणालो. आजही म्हणतो. तुझ्या डोक्यावर असे किती घाव तू मोठ्या मनाने घेतलेस, त्याचा हिशेब तुझ्या डोक्याने मात्र बरोबर ठेवला होता.

शेवटच्या कुस्तीला गाऱ्हाणं राहिलं. डिचोलीचं मैदान, आभाळ भरून आलेलं, आयोजक हाताला धरून ओढतोय, आधी उरका, पाऊस आला तर लोक पैसे परत मागतील. तू विडी शोधत होतास, काडेपेटी दमट झालेली. "जावंदे," तू म्हणालास, पण तुझा चेहरा पडला होता. त्या दिवशी रिंगणाची गादी एका बाजूने सरकली होती हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. नेहमीचाच पेच, नेहमीसारखी उडी, आणि तुझं डोकं फळीच्या कडेवर आलं. मी अंगठा दाबला. बराच वेळ काही नाही. मग तू दाबलास, हलकेच. आपण कुस्ती पुरी केली, ठरल्याप्रमाणे मी जिंकलो, लोक खूष होऊन घरी गेले. त्यानंतर आपण दोघांनी रिंगण सोडलं. मी खाणीच्या काट्यावर ट्रक मोजायला लागलो, तू माडांना पाणी घालायला लागलास. डोकं दुखतं म्हणायचास. मी म्हणायचो, माझंही दुखतं, वय झालं.

तुला वाटायचं, त्या दिवशी गाऱ्हाणं राहिलं म्हणून ती एक कुस्ती खरी धरली गेली. मी चिडायचो. आता चिडत नाही.

त्यानंतरही आपण भेटत राहिलो, चोरून, जसे काही प्रेमातले. केरीच्या धक्क्यावरून तू पहिल्या फेरीबोटीने तेरेखोलला जायचास, मी पुढच्या बोटीने. पलीकडे त्या म्हाताऱ्याच्या हॉटेलात उंडो पाव आणि ऑम्लेट खात बसायचो, जिथे आपल्याला कोणी ओळखत नव्हतं. जुने पेच काढायचो, म्हाताऱ्यांसारखे कुरकुरायचो. मी म्हणायचो, आता कुस्त्या संपल्या, कोण बघतंय, वहिनींना सांगून टाक आणि एकदा मला तुझ्या घरी जेवायला बोलाव. तू म्हणायचास, ज्यांनी पाहिलं ते अजून जिवंत आहेत. म्हणजे आपण मेल्याशिवाय सुटका नाही, असं मी म्हटल्यावर तू हसला होतास.

मग तू विसरायला लागलास. आधी पेच विसरलास, मग मास्तरचं नाव, मग परतीची बोट. एकदा मी पाठ वळवून बिल देत होतो तर तू कोणालातरी विचारत होतास, हा कोण माणूस माझ्याबरोबर आलाय. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या शेवटच्या दिवशी मी बोटीतून उतरलो तर तू धक्क्यावरच उभा होतास. मला पाहिलंस आणि तुझे डोळे बदलले. ते डोळे मला चांगले ठाऊक होते, भिंतीवरच्या चित्रातले. मला वाटलं, गंमत करतोस. मीही छाती काढली. तू आलास आणि माझा गळा धरलास. सत्तरीला टेकलेला माणूस, पण पकड तीच. मी अंगठ्याने तुझं मनगट दाबलं. परत दाबलं. तू काही दाबलं नाहीस. सगुण, त्या क्षणी मला भीती वाटली ती मरणाची नव्हती. मी कसाबसा म्हणालो, "सगुण, हांव किश्ना. आमचें सगळें ठरयिल्लें, आठव. पेंढ्यार तालीम करताले न्हय आमी?"

"खोटां बोलतंस," तू म्हणालास. "तू तुफान. तू माका मारूक इलंस."

बोटीवरच्या पोरांनी आपल्याला सोडवलं. त्यांनी तुझ्या घरी जाऊन सांगितलं, तुफान तेरेखोलला येऊन जल्लादावर धावून गेला. दुसरं काय सांगणार? इतकी वर्षं आपणच त्यांच्या बापांना तेच शिकवलं होतं.

पुढचं मला मंदाच्या माहेराहून, हरमलहून, कळत गेलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, डोक्याला बसलेल्या जुन्या मारांनी मेंदू आटत चाललाय. घरच्यांनी मान डोलावली आणि गोळ्या आणल्या. पण तू दिवसभर ओटीवर बसून म्हणायचास, तो नार्व्याचा येतोय, दार लावा. मग वहिनींनी देवस्की करणारा घाडी बोलावला. तांदूळ मांडले, देवाला कौल लावला. कौल आला की माणसावर करणी आहे, आणि केलेली आहे नदीकाठच्या गावातल्या एका जुन्या वैऱ्याने. वैरी तुला एकच होता. तो तू स्वतः नेमलेला होतास.

एक दिवस मी शेतावर गेलो तर बांधावर उतारा ठेवलेला. कुंकू माखलेलं लिंबू, नारळ, काळ्या कोंबडीची पिसं. आपण जिथे पडायचो बरोबर त्याच कोपऱ्यात. ठेवणाऱ्याला ती जागा ठाऊक असायचं कारण नाही, तरी नेमकी तिथेच. मी ते उचलून नदीत टाकलं. मंदा म्हणाली, हाताने उचलायला नको होतं. तेव्हापासून माझंही डोकं जास्त दुखतं, असं लिहिलं तर सुशिक्षित माणसं हसतील. हसू देत. दुखतं ते दुखतंच.

नितेशला मी फोन केला होता. म्हटलं, मला एकदा बापाला भेटू दे. तो म्हणाला, तुम्ही आलात तर पोलिसांना बोलवीन. सभ्य मुलगा आहे, "तुम्ही" म्हणाला. मी त्याला खरं सांगणार होतो. शब्द ओठांवर होते. पण तुझं ते पहिल्या रांगेचं आठवलं आणि वाटलं, तू अजून जिवंत आहेस, हे तुझं आहे, तुझ्या परवानगीशिवाय मोडायचा मला हक्क नाही. आणि परवानगी देणारा माणूस तुझ्यातून कधीच निघून गेला होता.

मग तू गेलासच. मी केरीला आलो होतो. कोणी मला कळवलं नव्हतं, हरमलहून कळलं. किनाऱ्यालगतच्या सुरूच्या झाडांखाली उभा राहिलो. तिरडी येताना दिसली आणि माझे पाय आपोआप पुढे गेले. नितेश आडवा आला. "तुमी फुडे येव नकात. माझी आवय बघता." मी थांबलो. लोकांनी माझ्याभोवती जागा सोडली होती, रिंगणाएवढी. त्यातून एक म्हातारा काठी टेकत आला. साखळीहून दोन बसगाड्या बदलून आला होता म्हणे, केवळ जल्लादाला बघायला. मला हात जोडून म्हणाला, "तुफानदादा, आता तरी सोडा. मेल्या माणसाकडे वैर कसलां?"

मला रडू येत होतं, सगुण. त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण तो माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होता ते मी ओळखतो. त्याने सगळं आयुष्य आपल्यावर विश्वास ठेवला होता. मी हाताची घडी घातली, मान ताठ केली आणि तुझ्या चितेकडे जिंकल्यासारखा पाहत राहिलो. त्याने मान हलवली, निराश होऊन, पण समाधानाने. तुला हेच हवं होतं ना? मला त्या वेळी तुझा इतका राग आला की सांगता येत नाही. आपला माणूस जळत असताना रडूही न देणारा हा कसला धंदा तू मला शिकवलास.

आता परवाची गोष्ट सांगतो. त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

बाराव्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळची उन्हं अंगणात आलेली, दारात रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या. मागोमाग नितेश. मी वहिनींना एवढ्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं. पहिल्या रांगेतली ती तरणी बाई वाळून गेली होती, हातात बांगड्या नव्हत्या. नितेशचे डोळे खोल गेलेले, एक हात कपाळावर. चिता पेटवल्यापासून त्याचं डोकं धरलंय, जेवण नाही, झोप नाही. गोळ्या झाल्या, उतारे झाले. मंदाने पाणी आणलं. वहिनींनी तांब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घोवाक न्हेलंस," त्या मला म्हणाल्या. "आता माझ्या झिलाक तरी सोड."

माझ्या तोंडात "वहिनी" आलं होतं, ते गिळलं. खरं सांगायची ही वेळ होती. तू गेलेला, कुस्त्या संपलेल्या, आणि ही बाई स्वतः माझ्या दारात. मी कितीतरी दिवस मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. तुमचा नवरा माझा मित्र होता. त्याने कपाळ स्वतः कापलं. आम्ही ठरवून पडायचो, ठरवून उठायचो. मी तोंड उघडलं आणि नितेशकडे नजर गेली. तो भ्यालेला होता. एवढा मोठा माणूस, माझ्या उंबऱ्याकडे असा बघत होता की जणू तिथून काहीतरी उठून येणार आहे. मी खरं बोललो असतो तर एक तर त्यांचा विश्वास बसला नसता, मग पोरगा तसाच कुढत राहिला असता. किंवा बसला असता, आणि मग त्या बाईला कळलं असतं की तिच्या नवऱ्याने तिला सगळी वर्षं खोटं रडवलं, आणि पोरावरची करणी काढायला तर कोणीच शिल्लक राहिलं नसतं.

मी म्हणालो, "करणी काडली. आयजपसून तुमच्या घरार म्हजें कांय ना."

"आण घे."

मी तुळशीपाशी गेलो. पान हातात घेतलं आणि देवाचं नाव घेऊन शपथ वाहिली की यांच्या घरावर मी घातलं होतं ते मागे घेतलं. मंदा दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. नितेशने कपाळावरचा हात खाली केला. खरंच सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या तोंडावर रंग आला. वहिनींनी तांब्या उचलला, पाणी प्यायल्या, त्यालाही दिलं.

जाताना त्या पायरीवर वळल्या. आवाज बदलला होता, भांडण संपल्यावरचा. "कित्याक केलंस तां? त्येणी तुझां काय वायट केल्यान?"

याची मी तालीम केलेली नव्हती. जे सुचलं ते बोललो. "ताणें म्हाका खूब मारलें."

त्यांची मान जराशी वर झाली. "मारी तर खराच," त्या म्हणाल्या. "तसो मारणारो दुसरो जावचो नाय." आणि पदर सारखा करून रिक्षात बसल्या. तुझ्या जाण्यानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांना तुझ्याबद्दल बोलून बरं वाटलं असेल. आपलं भांडण तू जिंकलास, सगुण. हरल्याचं मला वाईट वाटत नाही. तुला सांगता येत नाही याचं वाटतं.

रिक्षा गेल्यावर मी ओसरीवर बसलो. मला हलकं वाटत होतं, एखादा अवघड पेच बिनचूक पार पडल्यासारखं. मंदा येऊन समोर बसली. गेल्या महिन्यात मी साखळीच्या बाजारातून घरचा रस्ता चुकलो होतो, ते तिने कोणाला सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली, तेही नाही. ती माझ्यावर रागावली आहे असं मला वाटलं, तुळशीचं पान हातात घेऊन खोटी शपथ वाहिली म्हणून. पण तिचा आवाज रागाचा नव्हता.

"आनी एक दीस तुमकांच तें खरें दिसूंक लागलें जाल्यार?" तिने विचारलं. "हांवेंच ताका मारलो अशें?"

मी म्हणालो, "तेन्ना तूं म्हाका सांग. खरें कितें तें सांग."

मंदाने तांब्या उचलला, उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सगुणाक धक्क्यार तुमीय अशेंच सांगिल्लें न्हय?" ती म्हणाली.